इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय? आधी यूट्यूब बंद करा आणि पार्किंगमध्ये जाऊन उभे राहा

गेल्या अडीच वर्षांत लग्नात, मुंजीत, एकदा तर तेराव्याच्या जेवणात सुद्धा मला लोकांनी एकच प्रश्न विचारलाय, "काय गं, घेऊ का इलेक्ट्रिक?" आणि गंमत म्हणजे विचारणाऱ्याचं मत आधीच पक्कं असतं. कुणी चाळीस व्हिडिओ बघून आलेला असतो आणि त्याला बॅटरीची केमिस्ट्री माझ्यापेक्षा जास्त पाठ असते, नाहीतर कुणाला फक्त एकच माहिती असते की "त्या पेटतात". दोघांनीही एक गोष्ट केलेली नसते, ती म्हणजे आपल्या बिल्डिंगखाली जाऊन आपली गाडी उभी राहते तिथून मीटर रूम किती पावलांवर आहे ते मोजणं.

म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आमची गाडी कोणती ते मुद्दाम सांगत नाही, नाव सांगितलं की सगळी चर्चा त्या नावावरच जाते. बॅटरी ४० युनिटच्या आसपास आहे, राहतो पुण्यात, सासर चिपळूणचं, त्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा कुंभार्ली घाट ठरलेला. एवढं पुरे.

पहिलं काम, पार्किंग

खाली जा. तुमच्या नावाच्या पार्किंगपासून मीटर रूमपर्यंत केबल कुठून जाईल ते डोळ्यांनी बघा, भिंतीवरून, छताखालून, की मध्ये ड्राइव्ह-वे खणायला लागणार. हे अंतर म्हणजे तुमचा खरा खर्च. घरच्या चार्जिंगचे साधारण दोन प्रकार असतात, एक म्हणजे १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा पोर्टेबल चार्जर, जो तासाला तीनएक युनिट भरतो, म्हणजे आमची गाडी २० टक्क्यांवरून फुल व्हायला दहा-अकरा तास, आणि दुसरा भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा, तो हेच काम पाचेक तासांत करतो. रात्री नऊला लावून सकाळी आठला काढणाऱ्या माणसाला पहिला पुरतो हो. शोरूमवाले दुसराच गळ्यात मारतात, पण आधी तुमच्या घराचा सँक्शन लोड, म्हणजे घराला मंजूर झालेला विजेचा भार, किती आहे ते वीजबिलावर बघा, तो बरेचदा इतका कमी असतो की ७.२ लावला आणि वर गिझर चालू केला की मेन एमसीबी पडलाच.

आणि अर्थिंग. हा शब्द व्हिडिओत कुणी उच्चारत नाही पण नव्या ईव्हीवाल्यांच्या अर्ध्या तक्रारी इथेच असतात. वीस-पंचवीस वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो, चार्जर लाल दिवा दाखवतो, माणूस सर्व्हिस सेंटरला फोन करून भांडतो आणि गाडी बिचारी ठणठणीत असते. चांगल्या वायरमनला बोलवा, अर्थ आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, चार्जरसाठी वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि लीकेज झालं तर तोडणारा आरसीसीबी लावून घ्या. सॉकेट चांगल्या कंपनीचं घ्या कारण दहा तास सलग १५ अँपिअर ओढणं हे मिक्सरचं काम नाही, स्वस्तातलं सॉकेट गरम होऊन काळं पडतं. एक्सटेन्शन बोर्डवर गाडी चार्ज करणारे पण बघितलेत मी. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर. काय बोलणार.

मग सोसायटी. आमच्याकडे कमिटीतले एक काका होते, त्यांनी मला सरळ विचारलं, "अहो पण रात्री आग लागली तर? वर आम्ही झोपलेलो असतो." राग आला होता तेव्हा, पण प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर भांडून मिळत नाही. मी काय केलं ते सांगते, तोंडी परवानगी मागायला गेलेच नाही. लेखी अर्ज, सोबत वायरमनने काढलेला केबलचा नकाशा, लोड किती, एमसीबी-आरसीसीबी कुठला, खर्च माझा, सबमीटर माझा. कागद हातात आल्यावर माणसं मवाळ होतात. महावितरणकडून चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन पण मागता येतं, त्याला वेगळा दर लागतो, तुमच्या वापराला तो स्वस्त पडतो का ते काढून बघा. आणि तुमचं पार्किंग ठरलेलं नसेल, जो आधी येईल त्याची जागा असला कारभार असेल, तर सध्या नका घेऊ. खरंच सांगते. फक्त बाहेरच्या चार्जरवर जगणारा ईव्हीवाला म्हणजे घरी गॅस असून रोज खानावळीत जेवणारा माणूस.

दुसरं, पैशाचा हिशोब स्वतःच्या बिलावर करा

"एक रुपयात एक किलोमीटर" वगैरे जे सांगतात ते कुणाच्या बिलावर? तुमचं महावितरणचं बिल काढा. घरगुती दराचे टप्पे असतात, १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५००, आणि जसे वर जाल तसा युनिट महाग होतो. गाडीचे युनिट नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन बसतात हे लोक विसरतात. समजा घरात महिन्याला १८० युनिट जळतात आणि गाडी महिन्याला हजार किलोमीटर फिरते. युनिटला साडेसहा किलोमीटर धरले, चार्जिंगमध्ये दहाएक टक्के वाया गेले, म्हणजे १७० युनिट. एकूण ३५०. त्यातला काही भाग ३०० च्या वरचा. सगळे आकार धरून वरचे युनिट सरासरी १५ रुपयांना पडले असं समजू, तर अडीच हजार रुपये. तेवढ्याच हजार किलोमीटरला १४ चं ॲव्हरेज देणारी पेट्रोल गाडी ७१ लिटर पिते, १०४ रुपये धरले तर सात हजार चारशे. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट वीस-पंचवीस रुपयांना पडतो, सगळं तिथेच भरलं तर चार हजारांच्या घरात जातं.

म्हणजे फायदा आहे, पण तुमचं रनिंग असेल तर. महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्या रिटायर्ड माणसाला जावई पटवतो की "बाबा, पैसे वाचतील", त्या बाबांचे वाचत नाहीत, गाडी घेताना जास्तीचे भरलेले दोन-तीन लाख वसूल व्हायला त्यांना नातवाचं लग्न उजाडेल. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, ईव्हीचा ५ च राहिला, त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओत दाखवलेलं किमतीचं गणित आता जुळत नाही. तारीख बघून व्हिडिओ बघा.

टोलबद्दल पण नीट समजून घ्या. राज्य सरकारच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतू या तिन्हींवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी ठरली. पुणे-सातारा-कोल्हापूर त्यात नाही, तो नॅशनल हायवे. आमच्या चिपळूणवारीला काडीचा उपयोग नाही, पण दर आठवड्याला मुंबई करणाऱ्याला आहे. फास्टॅगचा मेसेज मात्र दर वेळी बघत जा, पैसे कापले गेले तर लगेच तक्रार टाका.

रेंज, म्हणजे सगळ्यात जास्त थापा जिथे

कागदावरचा आकडा हा ठरावीक टेस्टमधला असतो, रोलरवर, ठरलेल्या वेगाने, ना खंबाटकी ना मे महिन्यातला एसी. २०२० साली टाटाची पहिली नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा आकडा होता ३१२, आणि रस्त्यावर लोकांना मिळायचे दोनशेच्या आसपास. खुद्द टाटा पण आता कागदी आकड्याबरोबर "सी ७५" नावाचा एक खरा-खरा वाटणारा आकडा देते, यावरून काय ते समजा. माझा नियम सोपा, कागदावरच्या आकड्याला ०.६५ ने गुणा आणि तेवढ्यात तुमचा नेहमीचा लांबचा प्रवास बसतो का बघा.

वेगाने काय होतं ते मात्र समजून घेण्यासारखं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून ११० वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट होतो. पेट्रोल गाडीत हे होतंच, पण तिथे इंजिनच इतकी ऊर्जा उष्णतेत घालवतं की आपल्याला जाणवत नाही. ईव्हीत मीटरवर टक्के डोळ्यांदेखत पडतात. आम्ही ९० ने गेलो तर युनिटला सहा किलोमीटर मिळतात, भावाने ११० ने पळवली तर पाच पण नाही. त्याला मी एकदाच म्हटलं, "दादा, तू वीस मिनिटं लवकर पोचतोस आणि अर्धा तास चार्जरवर उभा राहतोस." तो म्हणाला गाडीच बकवास आहे. असो.

घाटाचं पण एक गणित आहे आणि ते मला फार आवडतं. चार माणसं नि सामान धरून १७०० किलोची गाडी ६०० मीटर वर चढवायला शाळेतल्या सूत्राने पावणेतीन युनिट लागतात, मोटरचं नुकसान धरून तीन म्हणा. म्हणजे चाळीसच्या बॅटरीत सात-आठ टक्के. लोकांना वाटतं घाटात अर्धी बॅटरी जाते, नाही जात. आणि उतरताना त्यातले निम्म्याहून जास्त परत मिळतात कारण मोटर उलटी जनरेटरसारखी चालते, यालाच रिजेन म्हणतात. पण एक मेख आहे. वरच्या गावात रात्रभर चार्ज करून १०० टक्के भरून लगेच घाट उतरायला लागलात तर बॅटरीत वीज ठेवायला जागाच नसते, रिजेन जवळजवळ बंद पडतो आणि पाय सोडल्यावर गाडी जी रोज आपोआप हळू होते ती होत नाही. महाबळेश्वरहून पसरणी घाटाने वाईला उतरताना सवयीने चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. अशा ठिकाणी ८५-९० वर चार्जरची गन काढायची, बस.

चिपळूणला आम्ही असे जातो. पुण्यातून १०० टक्के भरून निघायचं, कऱ्हाडच्या आसपास पोचेपर्यंत ३० टक्के राहतात, तिथे चाळीसेक मिनिटं, तेवढ्यात मिसळ, चहा, सासूबाईंचं एकदा जाऊन येणं, आणि ८० झाले की निघायचं. ८० च्या पुढे फास्ट चार्जर हळू होतो, तिथे बसून राहू नका, मागे पण कुणीतरी उभं असतं. नेहमी दोन चार्जर डोक्यात ठेवायचे, एक आपला आणि एक तो बंद निघाला तर. ॲपमध्ये "उपलब्ध" दिसतो आणि जाऊन बघावं तर गनला पिशवी बांधलेली, किंवा एखादी डिझेल गाडी मस्त सावलीत तिथेच लावून मालक जेवायला गेलेला. एकदा आम्हाला १९ टक्क्यांवर हॉटेलवाल्याने सांगितलं, "मॅडम, ते तीन दिवस बंदच आहे," आणि पुढचा २२ किलोमीटरवर होता. एसी बंद, वेग ६०, गाडीत कुणी बोलत नव्हतं. पोचलो आरामात. पण त्या दिवसापासून २५ च्या खाली जायचंच नाही असं ठरवलं.

आता रिव्ह्यू कसे बघायचे

बंद करा म्हटलं मी, पण तुम्ही बघणारच आहात, मी पण बघते. एकच करा, बघताना हा माणूस गाडीत किती दिवस बसलाय ते आधी शोधा. नवी गाडी येते तेव्हा कंपनी पत्रकारांना आणि यूट्यूबवाल्यांना एखाद्या छान ठिकाणी बोलावते, राहणं-खाणं-विमान तिचंच, दोन-चार तास गाडी देते, आणि व्हिडिओ कधी टाकायचा ती वेळ पण ठरलेली असते. म्हणून एकाच दिवशी एकाच मिनिटाला पंधरा चॅनलवर तेच वळण, तोच डोंगर आणि तोच ड्रोन दिसतो. यात कुणी लबाडी करतोय असं नाही, पण दोन तासांत माणसाला काय कळणार? सीट मऊ आहे, स्क्रीन मोठी आहे, पिकअप दणदणीत आहे. झालं. पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं स्पष्ट लिहायला हवं असा जाहिरात क्षेत्राच्या एएससीआयचा नियम २०२१ पासून आहे, ते लेबल कोपऱ्यात बारीक अक्षरात शोधा.

मी जे शोधते ते बहुतेकांत नसतंच. रात्री पावसात हेडलाइट कसा पडतो. पाच माणसं बसल्यावर सोसायटीच्या स्पीडब्रेकरला पोट घासतं का. स्टेपनी आहे का, कारण बऱ्याच ईव्हीत स्टेपनी नसते, नुसतं पंक्चर किट देतात आणि टायरची साइड फाटली की त्या किटचा काही उपयोग नाही. एसी लावायला तीनदा स्क्रीनवर टोचायला लागतं का, हा तर सेफ्टीचा प्रश्न आहे पण रिव्ह्यूत त्याला "प्रीमियम फील" म्हणतात. अशा गोष्टी कळतात दोन वर्षं, चाळीस हजार किलोमीटर चालवलेल्या मालकाकडून, ज्याचा व्हिडिओ हलतो, आवाज फुटतो आणि ज्याला सहाशे व्ह्यूज असतात. तो बघा. त्यातही जो फक्त शिव्या देतोय किंवा फक्त आरती ओवाळतोय तो सोडा.

आणि ती आग

कमिटीतल्या त्या काकांनी मला व्हॉट्सॲपवर जो व्हिडिओ पाठवला होता तो वसईचा होता, जून २०२२ मधला, पेटलेली नेक्सॉन ईव्ही. घटना खरी, सरकारने चौकशी पण लावली होती. त्याआधी मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला स्कूटर पेटली, तो व्हिडिओ तर देशभर फिरला. यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून फॉरवर्ड आला की मी तीन गोष्टी बघते: कधीचा आहे, कसली गाडी आहे (स्कूटर, ई-रिक्षा, बस, कार, सगळं "ईव्ही" म्हणूनच येतं), आणि चार्जर कंपनीचा होता की जुगाड. आपली चॅनलं "द बर्निंग कार" म्हणून तीच चार सेकंदं गोल गोल फिरवतात, आणि त्याच आठवड्यात घाटात पेट्रोल किंवा सीएनजी गाडी जळाली तर ती आतल्या पानावर दोन ओळींत. कारण ती बातमी नवीन नाही ना. नवीन गोष्टीची भीती विकली जाते.

पण उलट टोक पण नको. ईव्हीवाले "आमच्या पेटतच नाहीत" म्हणून छाती काढतात ते चूक. लिथियमची बॅटरी एकदा पेटली की विझवायला अवघड, हातातल्या छोट्या सिलेंडरने होत नाही, भरपूर पाणी लागतं आणि विझल्यावर परत पेटू शकते. धूर दिसला, जळका वास आला, तर सामान काढत बसू नका, उतरा, लांब जा, १०१ ला फोन. बॅटरीला खालून मोठा दगड लागला असेल तर गाडी चालतीये म्हणून गप्प बसू नका, लिफ्टवर चढवून बघून घ्या. पुराचंही तसंच. बॅटरीला आयपी ६७ असतं म्हणजे ठरावीक खोलीच्या पाण्यात ठरावीक वेळ ती टिकते, गाडी होडी होत नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा ज्यांच्या गाड्या खाली होत्या त्यांना विचारा. बुडालेली ईव्ही चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, आणि उचलून न्यायची ती चारी चाकं वर घेणाऱ्या गाडीवरच. नेहमीसारखं दोरी बांधून ओढत नेलं तर मोटर जाऊ शकते.

स्टार वाचायचे कसे

शोरूममध्ये गेल्यावर आपला माणूस काय करतो? दार जोरात आपटतो आणि बॉनेटवर अंगठा दाबतो. "पत्रा जाड आहे." अहो, अपघातात वाचवतो तो आतला सांगाडा, बेल्ट आणि एअरबॅग, अंगठ्याखालचा पत्रा नाही.

आपल्याकडे गाडी आदळवून बघून सुरक्षेचे स्टार देणारी भारत एनकॅप ही परीक्षा ऑक्टोबर २०२३ पासून आहे. समोरून ६४ च्या वेगाने गाडी अर्धवट बाजूने मऊ अडथळ्यावर आदळवतात, बाजूने ५० च्या वेगाने धडक देतात, आणि तीन किंवा त्याहून जास्त स्टार मिळवू पाहणाऱ्या गाड्यांना खांबावर २९ च्या वेगाने पण नेतात. मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी मार्क, दोन्ही वेगळे बघा. स्टार नुसते नका बघू. त्याआधी ग्लोबल एनकॅप होतं, २०१८ साली नेक्सॉन ही पहिली पाच स्टार मिळवणारी भारतीय गाडी ठरली ती तिथेच. पण तेव्हाची परीक्षा सोपी होती. ओळखायची युक्ती सांगते: मोठ्यांचे मार्क १७ पैकी लिहिले असतील तर जुनी टेस्ट, ३४ पैकी असतील तर २०२२ नंतरची ग्लोबल एनकॅप, ३२ पैकी असतील तर भारत एनकॅप. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्हींचा छेद सारखा पाहिजे, शाळेतल्या अपूर्णांकासारखं. शिवाय टेस्ट ऐच्छिक आहे, गाडी कंपनीच देते, त्यामुळे "रेटिंग नाही" म्हणजे "वाईट" असंही नाही आणि "चांगलं" तर नाहीच.

आणि ६४ म्हणजे ६४. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे, त्या वेगात उभ्या कंटेनरच्या मागे घुसल्यावर स्टार मोजायला कुणी उरत नाही. त्या पलट्या खाल्लेल्या गाड्यांचे "सगळे सुखरूप" वाले व्हिडिओ बघून लोक गाडी घेतात, पण बेल्ट लावला होता का ते त्यात कुणी विचारत नाही. आपल्या अपघाताच्या बातम्यांत पण तेच, "चालकाचे नियंत्रण सुटल्याने भीषण अपघात, गाडीचा चक्काचूर". नियंत्रण सुटलं म्हणजे काय झालं? झोप लागली, टायर फुटला, मोबाइल, उलट दिशेने कुणी आलं? बेल्ट होता? मागचे कसे बसले होते? मी आता बातमी वाचताना हेच शोधते आणि दहापैकी नऊ वेळा सापडत नाही. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, सरकारी आकडा, त्यात सगळ्यात जास्त दुचाकीवाले, नंतर पायी चालणारे. त्यांच्यासाठी आपल्या गाडीचे स्टार शून्य.

चार सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. मर्सिडीज होती. ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर पंधरा दिवस सगळा महाराष्ट्र मागचा बेल्ट लावत होता, मग परत सगळं पहिल्यासारखं. नियम जुनाच आहे, हजार रुपये दंड आहे. आमच्याकडे सासूबाई म्हणायच्या, "मला गुदमरतं गं त्याने, मागे कशाला?" मी वाद घातला नाही, पट्टा खांद्यावरून नीट बसेल अशी पाठीमागे पातळ उशी दिली आणि त्यांचा बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही एवढंच केलं. तिसऱ्या वेळेपासून त्याच बाकीच्यांना ओरडतात. बेल्टची टिकटिक बंद करायला क्लिप विकायचे ऑनलाइन, मे २०२३ मध्ये ग्राहक प्राधिकरणाने त्यावर बंदी आणली, तरी गाड्यांत दिसतात. तुमच्याकडे असेल तर आजच फेका. लहान मूल पुढे मांडीवर घेऊन बसणं तर विसराच, त्याला चाइल्ड सीट, मागे, आयसोफिक्सला, म्हणजे सीटमधल्या लोखंडी कड्यांना, अडकवलेली.

चालवताना ईव्हीच्या दोन गोष्टी वेगळ्या. एक, पाय ठेवला की ताकद लगेच, गिअर नाही, घरघर नाही, त्यामुळे ८० कधी झाले कळतच नाही. घरात विशीतला मुलगा असेल तर पहिले सहा महिने इको मोड आणि स्पोर्टचं बटण कुठे आहे ते त्याला सांगू नका (तो शोधेलच म्हणा). दोन, पार्किंगमध्ये आवाज नाही. आमच्या गेटजवळ झोपणारा कुत्रा पेट्रोल गाडीला उठतो, मला उठत नाही. संध्याकाळी खाली मुलं खेळत असताना काच खाली करून, चालण्याच्या वेगाने, आणि गरज पडली तर तोंडाने "बाजूला रे" म्हणत काढा. हॉर्नने आजी दचकतात.

टेस्ट ड्राइव्ह आणि डिलिव्हरी

शोरूममध्ये मला सेल्समनने विचारलं होतं, "मॅडम, साहेब कधी येणारेत?" गाडी मीच चालवणार होते आणि मीच पैसे भरणार होते, पण ते जाऊ दे. टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती दोन किलोमीटर देतात, ती घेऊ नका, घरी मागवा. तुमच्याच बेसमेंटच्या रॅम्पवर चढवा, तुमच्याच पार्किंगमध्ये लावा, चार्जिंगचं झाकण भिंतीकडे येतंय का बघा, सगळं घर आत बसवा. एकदा तरी अंधार पडल्यावर चालवा. निघताना टक्के आणि किलोमीटरचा फोटो काढा, परत आल्यावर परत काढा, तुमच्या पायाखालचं ॲव्हरेज तिथेच कळतं.

बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, पण ती किती टक्के क्षमता खाली गेल्यावर लागू होते आणि दुसऱ्या मालकाला मिळते का हे लेखी घ्या, तोंडी "हो हो मिळते" चालत नाही. बॅटरी भाड्याने देणारी स्कीम असेल तर किलोमीटरमागचे पैसे, महिन्याची किमान रक्कम आणि मध्येच गाडी विकली तर काय, हे तीन प्रश्न.

डिलिव्हरीच्या दिवशी फोटोच्या गडबडीत पोर्टेबल चार्जर, पंक्चर किट आणि हिरवी नंबर प्लेट ताब्यात घ्या, आणि चार्जर तिथेच एकदा लावून चालू होतो का बघा. मग नारळ फोडा, पेढे वाटा, चाकाखाली लिंबू ठेवून पुढे घ्या. आणि पहिल्या पंपावर थांबून हवा बघा, यार्डात उभ्या राहिलेल्या नव्या गाडीत ती बरेचदा नको तेवढी ठासलेली असते.